नव्या विंडोजवर सगळं चालेल!

रफिक अजूनही कुठे लग्नाबिग्नात भेटला की आम्ही पंगतीत शेजारी बसतो आणि गोड पदार्थ येईपर्यंत चार-पाच गिऱ्हाइकं आठवून झालेली असतात. त्याची बायको म्हणते, "दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, तुमचं काउंटर काही बंद होत नाही!" खरंच आहे. ते कॉम्प्युटर भंगारात गेले, सीड्यांचे ढीग गेले, पण किस्स्यांना कुणी फॉरमॅट मारत नाही. उलट दर वेळी सांगताना एखादी ओळ वाढते. आज कुठली वाढलीय, ते मी सांगणार नाही.

दुकान शिरूरला होतं, एसटी स्टँडसमोरच्या बोळात. पाटी मोठी, जागा छोटी. मालक विलासशेठ. हार्डवेअर रफिककडे, आणि सॉफ्टवेअर, फोन आणि गिऱ्हाइकाची समजूत, ही तिन्ही खाती माझ्याकडे. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकतीच लागले होते. घरी मी 'वैशे', दुकानात एकदम 'मॅडम'! अधूनमधून दौंडच्या बाजूला फेरी असायची, बॅगेत सीड्या भरून, एसटीनं.

तेव्हा होम थिएटरची हवा होती. कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचं कार्ड बसवायचं, पाच छोटे स्पीकर आणि एक ढब्बू वूफर जोडायचा आणि होम थिएटरचं सॉफ्टवेअर टाकायचं. ते सुरू केलं की स्क्रीनवर लाल मखमली पडदा यायचा, झोकात दोन्हीकडे सरकायचा आणि मग पिक्चर. लोक त्या पडद्यावरच खूष! सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नवी विंडोज आली. जो तो म्हणायला लागला, आम्हाला पण नवी टाका. त्या नव्या विंडोजशी आमच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरचं फारसं जमत नव्हतं. पण शेठनी एकालाही नाही म्हटलं नाही. त्यांचं एकच वाक्य असायचं: "टाका बिनधास्त! नव्या विंडोजवर सगळं चालेल!"

एवढं बोलून शेठ घरी जेवायला जायचे. फोन मी घ्यायचे.

*

पहिला फोन एका रिटायर गुरुजींचा आला.

"मॅडम, पडदा अडकलाय."

"म्हणजे उघडतच नाही का, गुरुजी?"

"उघडतो. पण निम्मा. डावीकडचा सरकला, उजवीकडचा जागचा हलायला तयार नाही."

मी म्हटलं, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करा. गुरुजी म्हणाले, "आत्ता नको. पिक्चर रंगात आलाय."

"अर्ध्या पडद्यात?"

"काय करणार? पाहुणे आलेत. सगळे बसलेत."

मी आणि रफिक जवळच होतो, म्हणून लगेच गेलो. दारातून जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खोलीतली सगळी माणसं डाव्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीनं बसली होती आणि माना लांब करून बघत होती. कशासाठी? तर तिथून पडद्यामागचं थोडं जास्त दिसेल म्हणून! पोरं सोडा, स्वतः गुरुजीसुद्धा त्या कोपऱ्यात तिरके होऊन बसले होते. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस!

रफिक बाहेर जाऊन चपला घालायचं नाटक करत हसून आला. मी स्क्रीनचा आकार बदलून पडदा पूर्ण उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींच्या मंडळी माझ्या हातात चहाचा कप देत म्हणाल्या, "पहिल्यापासून लावा हो. हिरॉइनचं म्हणणं सगळं कळलंय. आता हिरोची बाजू बघू!"

*

भांडगावचा किस्सा मला दोन तुकड्यांत सांगावा लागणार, कारण तो घडलाच तसा.

भांडगावला जिजी म्हणून एक बाई होत्या. मुलगे तीन: दत्ता, बाळू आणि धाकटा संतोष. जिजींच्या मालकांनी, म्हणजे आबांनी, एका वर्षी झेंडू चांगला गेला तेव्हा हौसेनं होम थिएटर घेतलं होतं. पुढे आबा गेले आणि वर्षाच्या आत वाटण्या झाल्या. जमीन वाटली, गाया वाटल्या, हंडे-पातेली वाटली. एका ओसरीच्या तीन बाजूंना तीन चुली पेटल्या. राहिलं होम थिएटर. ते कसं वाटणार? पण पंच कुणी साधेसुधे नव्हते. त्यांनी ठरवलं, स्क्रीन आणि कॉम्प्युटर जिजींच्या खोलीत. स्पीकर पाच आणि वूफर एक, म्हणजे नग सहा. भाऊ तीन. प्रत्येकी दोन!

भिंतींना भोकं पाडून वायरी नेल्या. जिजी आपल्या खोलीत बसून पिक्चर बघायच्या आणि आवाज मुलांच्या घरांतून यायचा. मुलं आणि सुना आपापल्या घरात तो रेडिओसारखा ऐकायची. जिजींच्या खोलीत पाऊल कुणी टाकत नव्हतं, कारण दुसरा तिथे असला तर? वाटण्यांपासून तिघांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं आणि एकमेकांच्या घरचा चहाही बंद होता. जिजींना तोच एक घोर होता. मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आबा गेल्यापास्नं ही तिघं एका जागी बसल्याली म्या बघितली न्हाईत बघ."

मी गेले होते ती संतोषच्या तक्रारीवरून. फोनवर तो कळवळून म्हणाला होता, "मॅडम, माझ्या वाट्याला नुसता पाऊस येतोय!"

जाऊन ऐकलं, तर खरंच. बाळूकडे मधला स्पीकर आणि वूफर, म्हणून सगळे डायलॉग आणि सगळी हाणामारी त्याच्या घरी. दत्ताकडे समोरचे दोन, त्यामुळे गाणी त्याच्याकडे. संतोषला मिळाले होते मागचे दोन. त्यांतून पाऊस, घोड्यांच्या टापा आणि मधूनच लांबचं एखादं कुत्रं. संतोषची बायको म्हणाली, "आमच्यात माणसं बोलतच न्हाईत, मॅडम."

मी जिजींना समजावून सांगितलं, की कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून यायचा, हे पिक्चर बनवणारेच आधी ठरवून ठेवतात. जिजींनी कपाळाला हात लावला.

"म्हंजी आमच्या आधी पिक्चरच्याच वाटण्या झाल्यात व्हय!"

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं, सगळ्या स्पीकरना सारखा आवाज देणारं. मी ते दाबलं. तिन्ही घरांतून एकच बाई एकाच वेळी रडायला लागली. तिघं भाऊ आपापल्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले आणि तिघांच्याही चेहऱ्यावर समाधान. संतोषला तर पहिल्यांदाच कथा कळत होती!

जिजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोरी, तू पंचांत पायजे हुतीस."

*

शिक्रापूरला कंपनीत कामाला असलेली यूपीकडची चार पोरं एका खोलीत राहायची. चौघांत मिळून एक कॉम्प्युटर आणि होम थिएटर. त्यांच्यातला एक दुपारी दुकानात आला. एवढ्या ट्रकांच्या गर्दीतून सहा आसनी रिक्षात लोंबकळत आला, म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं असणार, असं मला वाटलं.

"मैडम, नयी विंडोज चालू होते ही बहुत ज़ोर से बजती है."

"हां, वह आवाज़ तो आता है. फिर?"

"भैया नाइट शिफ्ट करके सोते हैं. जाग जाते हैं."

बाकीचे तिघं फर्स्ट शिफ्टला होते. दुपारी घरी आले की भैया झोपलेला असायचा, म्हणून ते आवाज पूर्ण बंद करून पिक्चर बघायचे. मी विचारलं, मग कळतं काय? तो म्हणाला, "सब डायलॉग याद हैं. धीरे-धीरे ख़ुद बोल लेते हैं." पण कॉम्प्युटर सुरू होतानाचा तो आवाज त्या वूफरमधून असा काही घुमायचा की खोली हादरायची.

माझी त्या बाजूला फेरी होतीच, म्हणून मी गेले. खोलीत भैया भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर ओढून झोपलेला. मी कुजबुजत बोलत होते, ती पोरं कुजबुजत उत्तरं देत होती. सुरुवातीचा आवाज बंद केला आणि कॉम्प्युटर परत चालू केला. चिडीचूप! तिघांनी मला हात जोडले.

तेवढ्यात चादरीतून आवाज आला, "मैडम, उसको वापस लगा दीजिए."

आम्ही सगळे दचकलो. चादर तशीच होती, तोंडही भिंतीकडेच.

"वो बजता था तो मालूम पड़ता था कि सब लोग घर आ गये. फिर अच्छी नींद आती थी."

मी तो आवाज परत लावून दिला. जरा बारीक करून.

*

शेठनी एकदा स्वतःच्या घरी स्वतःच्या हातानं नवी विंडोज टाकली. आम्हाला म्हणाले, "त्यात काय एवढं? तुम्ही दोघं उगाच बाऊ करता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी वहिनींचा दुकानात फोन. "मॅडम, इकडे काहीच दिसत नाही आणि काहीच ऐकू येत नाही. कुणाला तरी पाठवा. मालक सोडून कुणीही चालेल!"

*

आमच्या वस्तीच्या विहारातही एक कॉम्प्युटर होता, नोकरीला लागलेल्या पोरांनी मिळून घेतलेला. जयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला त्याच्यावर माहितीपट लावायचे, रविवारी लहान मुलांना कार्टून. ते काम माझ्याकडे घरचंच होतं. नवी विंडोज टाकली, होम थिएटर परत बसवलं, तर ते सॉफ्टवेअर हटून बसलं. मालकाचं नाव टाका, त्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही म्हणे. मी सहज विचारलं, "कुणाचं टाकू?"

चुकलंच माझं. कमिटी बसली ना लगेच!

विहाराचं नाव टाकायचं म्हटलं तर त्या एवढ्याशा चौकटीत ते मावेना. सेक्रेटरी म्हणाले, अध्यक्षांचं टाका. खजिनदार म्हणाले, मग कमिटीतल्या बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? दोनदा चहा झाला. सगळे एकमेकांकडे बघून गप्प झाले, तेव्हा बाहेरून झाडूचा आवाज येत होता. अध्यक्ष म्हणाले, "सोजरमावशीचं टाका."

सोजरमावशी विहार झाडायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं, पण विहार बांधला त्या दिवसापासून झाडत होत्या. बांधताना त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. दारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं होती, त्यात मावशींचं नव्हतं. ठराव एकमतानं पास झाला. आमच्या कमिटीत एकमत झाल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

तेव्हापासून पडदा सरकला की इंग्रजीत यायचं: वेलकम, सोजरबाई. मावशींना वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांचा आकार ओळखायला शिकल्या होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यात पुढे उभ्या राहायच्या आणि नाव आलं की डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

एकदा काही बिघडलं म्हणून मी ते सॉफ्टवेअर काढून परत टाकायला बसले. मावशी झाडू हातात घेऊन तशाच लगबगीनं आत आल्या.

"वैशे, माजं नाव ऱ्हाईल ना गं?"

"राहील, मावशी."

"न्हाई, पिक्चर न्हाई दिसला तरी चालंल. तेवढं नाव बघ!"

*

दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक गार्डसाहेब होते. मालगाडीवर ड्युटी, त्यामुळे घरातून निघाले की परत कधी येतील ते त्यांनाही माहीत नसायचं. काकूंना संध्याकाळची एक सिरियल फार आवडायची. ती त्या शेजारणीकडे बसून बघायच्या, सोबतीनं. पण साहेबांनीही ती बघावी, म्हणजे जेवताना दोघांना बोलायला काहीतरी होईल, अशी त्यांची इच्छा. म्हणून टीव्हीचं कार्ड घेतलं. काकू कॉम्प्युटर चालूच ठेवायच्या, रोज ठरल्या वेळी सिरियल आपोआप रेकॉर्ड व्हायची, साहेब आले की चहा पीत बघायचे आणि मग त्या सुनेचं काय चुकलं यावर दोघांची चर्चा.

नवी विंडोज टाकल्यावर काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. "जरा येऊन बघता का? ह्यांना सिरियलमधलं काही विचारलं की विषयच बदलतात."

मी गेले. कॉम्प्युटरचं घड्याळ भलत्याच देशाचं लागलं होतं. संध्याकाळच्या सिरियलऐवजी रोज सकाळचा शेतीचा कार्यक्रम रेकॉर्ड होत होता. मी साहेबांना विचारलं, "तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

साहेब ओशाळले. "आलं की. पण ही रोज एवढ्या काळजीनं भरून ठेवते. म्हटलं, तिच्या मनात काहीतरी असेल. रिटायर झाल्यावर गावी जाऊन शेती करावी, असं सुचवत असेल. मग मी नेमानं बघितलं."

काकूंनी मागचं दार उघडलं. क्वार्टरच्या एवढ्याशा अंगणात टोमॅटो, वांगी, दोडक्याचा मांडव, आणि न्हाणीघराच्या सावलीला टांगलेल्या पिशव्यांत अळिंबी!

"आणि मी म्हणतेय, ह्या माणसाला एकाएकी झालंय काय! पण एवढे खुशीत होते, म्हणून मी बोलले नाही."

मी घड्याळ आपल्या देशात आणलं. निघताना साहेब माझ्यामागे फाटकापर्यंत आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, सिरियल लावा हो, तिचं मन मोडायला नको. पण सकाळचंही राहू द्या. गांडूळखत अर्धंच झालंय."

*

आता भांडगावचा दुसरा तुकडा.

दत्ताच्या मेव्हण्याकडे नवी विंडोज आली, म्हणून दत्तालाही हवी झाली. शेठ म्हणाले, "सगळं चालेल!" रफिक जाऊन टाकून आला. तो शिरूरला पोचायच्या आत दुकानात दोन फोन, एक बाळूचा आणि एक संतोषचा. एका ओसरीवरची दोन माणसं, पण फोन वेगवेगळे! बाळूकडे आवाज बंद, संतोषकडेही बंद. वाजत होते ते फक्त दत्ताकडचे दोन.

दुसऱ्या दिवशी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून भांडगावला गेले. बिघाड काही नव्हता. आवाजाचं कार्ड जुनं होतं आणि नव्या विंडोजला त्याचे पुढचे दोनच स्पीकर ओळखता येत होते. ते सारख्या आवाजाचं बटण जागेवर होतं, पण पुसट झालेलं, दाबलं तरी दबेना. मी ओसरीत उभी राहून हे सगळं सांगितलं. पण ऐकून कोण घेतंय!

"नवी विंडोज कुणी आणली? दादानं," बाळू म्हणाला. "आन् वाजतंय कुणाचं? दादाचंच!"

"मी काय विंडोजच्या कानात सांगाय गेलो हुतो का?" दत्ता उसळला.

"मला आधी पाऊस तरी यायचा," संतोष म्हणाला.

त्यानं ते अशा रडवेल्या आवाजात म्हटलं की मला हसू फुटणार होतं. पण त्याचं पुढचं वाक्य ऐकून जिरलं. "म्या चौफुल्याला खोली बघितलीय. पुढल्या म्हैन्यात जातो ऱ्हायला."

जिजी उंबऱ्यावर बसल्या होत्या. "आवाजापायी?"

"आवाजापायी न्हाई, जिजी," संतोष म्हणाला.

मला फार वाईट वाटलं. आपण एक सीडी टाकली आणि घर फुटायला आलं, असंच मला तेव्हा वाटत होतं. मी घाईनं म्हटलं, "जुनी विंडोज परत टाकू का? सगळं पहिल्यासारखं होईल." तर दत्ता म्हणाला, "म्हंजी मी चुकलो, असं गावभर करायचं व्हय?" तो मार्गही खुंटला.

जिजींनी मला जवळ बोलावलं. "दोनच वाजणार का गं?"

"सध्या तरी दोनच."

"ह्येच दोन? का कुठलं बी?"

"कुठलेही, जिजी. पुढच्या त्या भोकात जोडले की झालं."

जिजी उठल्या. दत्ताच्या भिंतीतून आलेली वायर त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून काढली. मग तिन्ही घरांतले स्पीकर मागवून घेतले. त्यातले दोन मला स्क्रीनच्या डावी-उजवीकडे ठेवायला लावले आणि बाकीचे आपल्या खाटेखाली सारले.

"झालं? आता कुणाच्याच घरात आवाज न्हाई. सारखं झालं."

"मग आमी काय ऐकायचं?" बाळूनं विचारलं.

"माजं दार उघडं हाय," जिजी म्हणाल्या.

तिघंही पाठ फिरवून आपापल्या घरात गेले. माझ्या गाडीला वेळ होता. जिजी म्हणाल्या, बस, एक पिक्चर लाव. मी लावला. आम्ही दोघीच बघायला बसलो.

"आवाज बारीक कर," जिजी म्हणाल्या.

मी केला.

"आजून बारीक."

"जिजी, मग आपल्यालाच ऐकू येणार नाही."

"करऽ गं."

मी केला. शेजारी बसून मला अक्षर कळेना. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की तिन्ही घरांतली भांड्यांची आदळआपट थांबलीय. सगळी ओसरी कान देऊन बसली होती. जिजी स्क्रीनकडे बघत स्वतःशीच हसत होत्या, एवढ्या गोड की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग संतोषची बायको मेथीची जुडी घेऊन दारात आली. "हितं उजेड बरा हाय निवडाय," म्हणाली आणि भिंतीशी टेकली. मला गाडी गाठायची होती, म्हणून मी निघाले. पुढचं मला दिसलं नाही.

दुकानात येऊन मी शेठना खरं सांगितलं: "सगळं चालत नाही, शेठ." ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. माणूस बढाईखोर होता, पण शब्दाचा पक्का. पुण्याला फोन करून करून, ओळखी काढून त्यांनी त्या जुन्या कार्डासाठीचं नवं सॉफ्टवेअर मिळवलं. ते हाती येईपर्यंत दिवाळी होऊन गेली, थंडी पडली. शेठनी सीडी स्वतः माझ्या बॅगेत ठेवली. "जा, आणि सांगा त्यांना. सहाच्या सहा वाजतील!"

मी भांडगावला पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ओसरीत कुणी नव्हतं. जिजींच्या दारात मात्र चपलांचा नुसता ढीग! मी बाहेरूनच डोकावले. आत पिक्चर चालू होता. दत्ता भिंतीला पाठ लावून बसलेला आणि त्याच्या मांडीवर बाळूची पोरगी झोपलेली. बाळू आणि संतोष एका ताटलीतल्या शेंगा फोडत भांडत होते, हिरोनं आता पोलिसात जावं की नाही यावरून. तिघी सुना मधेच त्यांना दटावत होत्या, "गप बसा की, ऐकू द्या!" कपबश्या सगळ्यांच्या एकत्रच पडल्या होत्या, कुठली कुणाच्या घरची ते कळत नव्हतं. चौफुल्याच्या खोलीचं कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

मला बघून जिजी बाहेर ओट्यावर आल्या. "का गं पोरी, आज काय काम काढलंस?"

मी बॅगेतून सीडी काढून त्यांच्या हातात दिली. "शेठनी पाठवलीय, जिजी. ही टाकली की सहाही स्पीकर वाजतील. ज्याच्या त्याच्या घरात, आधीसारखे."

जिजींनी सीडी उलटून पालटून बघितली. उन्हाला धरली, तसा तिचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचला. आत कशावरून तरी सगळे एकदम हसले. जिजी मान वळवून थोडा वेळ ते ऐकत राहिल्या. मग त्यांनी दारातून हाक मारली.

"संतोषऽ, ए संतोष! जरा दोरा आण. ही चकती उद्या ज्वारीत बांध. पाखरं लई पडत्यात."